जगाच्या खाणी आणि घरची शिल्लक

पुण्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी घाट उतरण्यापूर्वीं तळेगांव दाभाडे येथें थांबते. त्या गांवाचें नांव महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासांत एका पैशामुळें राहिलें आहे. आणि तो पैसा म्हणजे त्या काळच्या रुपयाचा चौसष्टावा भाग! अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून राष्ट्रीय निधि उभारण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनीं ती उचलून धरली, आणि त्या निधींतून १९०८ मध्यें तळेगांवीं काचेचा कारखाना निघाला. परदेशांत काचेचें शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथील काम हातीं घेतलें. त्याच्या आदल्या वर्षीं, १९०७ च्या ऑगस्टांत, मुंबईस टाटांच्या लोखंड-पोलादाच्या कंपनीचे शेअर विक्रीस निघाले होते, आणि सुमारें ८,००० हिंदी लोकांनीं अवघ्या तीन आठवड्यांत १६,३०,००० पौंडांचें भांडवल पुरें करून दिलें होतें.

या दोन गोष्टी जवळजवळच्या असल्या तरी एक नव्हेत. पैसा फंडाला दिलेला पैसा हें दान होतें. कारखान्यावर देणाऱ्याचा हक्क निर्माण होत नसे आणि नफा झाला तरी तो घरीं येत नसे. टाटांचा शेअर ही मालकी होती. कंपनी चालली तर डिव्हिडंड, बुडाली तर हातीं नुसता कागद. परंतु ही मालकी घेण्यास बरीच रक्कम एकदम मोजावी लागे, आणि ती सारी एकाच कारखान्याच्या दैवाशीं बांधली जाई. आजचा म्युच्युअल फंड या दोहोंच्या मधोमध बसतो. गोळा करण्याची रीत पैसा फंडाची, हक्क मात्र शेअरवाल्याचा.

तळेगांव, चाकण आणि पिंपरी-चिंचवड या कारखान्यांच्या पट्ट्यांतील सुशिक्षित घरांत अशा फंडांचीं माहितीपत्रकें आतां नवीं राहिलेलीं नाहींत. त्यांपैकीं बहुतेक फंड देशांतील कंपन्यांचे असतात. एक प्रकार मात्र असा आहे कीं ज्यांतील पैसा चिली, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, कॅनडा, आफ्रिका अशा दूरदूरच्या खाणींत जातो. तळेगांवच्या घरांतील शिल्लक आणि आटाकामाच्या वाळवंटांतील तांब्याची खाण यांचा संबंध कसा जुळतो, आणि तो जुळविण्यांत लाभ किती व जोखीम किती, हा विचार माहितीपत्रकावरील चित्रें पाहून होण्याजोगा नाहीं.

प्रथम फंडाची रचना ध्यानांत घ्यावी. हजारों लोकांचे पैसे एकत्र करून त्यांतून अनेक कंपन्यांचे शेअर घेतले जातात. त्या सर्व शेअरांची त्या दिवशींची बाजारभावानें किंमत काढावयाची, त्यांतून फंड चालविण्याचा खर्च वजा करावयाचा, आणि उरलेल्या रकमेस युनिटांच्या संख्येनें भागावयाचें. येईल तो युनिटाचा भाव. काय घ्यावें व काय विकावें हें व्यवस्थापक ठरवितो, परंतु घेतलेले शेअर त्याच्या कपाटांत नसतात. ते कस्टोडियन नांवाच्या निराळ्या संस्थेकडे असतात, आणि या दोघांवर विश्वस्तांची देखरेख असते. व्यवस्थापकाची पेढी उद्यां बंद पडली तरी युनिटवाल्याचा माल शाबूत राहावा अशी ही योजना आहे. मालाची किंमत उतरली तर मात्र ही योजना कांहींच करूं शकत नाहीं. विश्वस्त चोरीपासून राखतात, मंदीपासून नव्हे. आणि पुष्कळ घरांत हा भेद पैसे गेल्यावर कळतो.

भारतांत खाणींच्या फंडाचें ठळक उदाहरण म्हणजे डीएसपी ब्लॅकरॉक या संस्थेनें २००९ च्या डिसेंबरांत काढलेला वर्ल्ड मायनिंग फंड. (पुढें २०१८ मध्यें ब्लॅकरॉक भागीदारींतून बाहेर पडली व संस्था नुसती डीएसपी झाली.) हा फंड स्वतः खाणींचे शेअर घेण्यासाठीं निघालेला नव्हता. तळेगांवचा रुपया मुंबईस जाई, तेथें त्याचे डॉलर होत, आणि त्या डॉलरांतून ब्लॅकरॉकच्या, १९९७ मध्यें सुरू झालेल्या व लक्झेंबर्ग येथें नोंदलेल्या, जागतिक खाण-फंडाचीं युनिटें घेतलीं जात. म्हणजे फंडाच्या पोटांत फंड. बीएचपी, रिओ टिंटो, ग्लेनकोर, व्हाले, फ्रीपोर्ट-मॅकमोरान, न्यूमाँट हीं या क्षेत्रांतील मोठीं नांवें अशा फंडाच्या यादींत आढळावयाचींच. त्यांतील बीएचपी ही चिलीमधील एस्कोंदिदा या जगांतल्या सर्वांत मोठ्या तांब्याच्या खाणींत ५७.५ टक्क्यांची मालक, आणि रिओ टिंटो त्याच खाणींत ३० टक्क्यांची! दोन निराळ्या कंपन्या घेतल्या म्हणून समाधान मानावें, तों दोन्हीं दारांनीं एकाच अंगणांत येऊन उभें राहावें, असें येथें पुष्कळदां घडतें.

आतां मुख्य मुद्दा. असा फंड घेणारा मनुष्य बहुधा म्हणतो, "तांब्यांत पैसे घातले," "लोखंडांत पैसे घातले." त्यानें तांबेंहि घेतलेलें नसतें आणि लोखंडहि घेतलेलें नसतें. त्यानें तांबें खणणारी कंपनी घेतलेली असते, आणि या दोन वस्तूंचे स्वभाव फार वेगळे आहेत.

एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एका खाणींतून एक टन तांबें काढून विकण्यास ६,००० डॉलर खर्च येतो आणि बाजारांत भाव ९,००० डॉलर आहे. नफा ३,००० डॉलर. भाव उतरून ७,५०० झाला, म्हणजे तांबें सहाव्या हिश्शानें स्वस्त झालें. खाणीचा खर्च मात्र होता तेवढाच राहतो. डंपर तेवढेच चालावयाचे, तेवढीच वीज लागावयाची, कामगारांचा पगार तेवढाच. नफा ३,००० चा १,५०० झाला, म्हणजे निम्मा. त्यांत कंपनीनें कर्ज काढलेलें असेल आणि दर टनामागें व्याजाचे १,००० डॉलर पडत असतील, तर नफा २,००० वरून ५०० वर येतो, म्हणजे तीन चतुर्थांश नाहींसा होतो. भाव चढूं लागला कीं हाच हिशेब उलट चालतो आणि नफा धातूच्या किती तरी पुढें धांवतो. खाणकंपनीचा शेअर धातूच्या भावाची सांवली आहे खरी, पण ती संध्याकाळची सांवली, मूळ वस्तूहून किती तरी लांब.

सोन्याचें उदाहरण घरोघर पटण्यासारखें आहे. २०१३ मध्यें जगाच्या बाजारांत सोनें सुमारें २८ टक्क्यांनीं उतरलें. सोनें काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्याच वर्षीं निम्म्याहून अधिक उतरले. गृहिणीच्या हातांतील पाटली कर्ज काढीत नाहीं, चढ्या भावानें दुसरी कंपनी विकत घेत नाहीं, संपावर जात नाहीं. सोन्याची कंपनी हें सर्व करूं शकते. तेव्हां "सोन्याच्या कंपनीचा फंड घेतला म्हणजे सोनेंच घेतल्यासारखें" हें विक्रेत्याचें वाक्य ऐकून घ्यावें, पण धरून चालूं नये.

या धंद्यांत तेजीमंदीच्या लाटा इतक्या मोठ्या कां येतात, याचें कारण खाणीच्या वयांत आहे. कापडाची मागणी वाढली तर गिरणी तिसरी पाळी सुरू करते. तांब्याची मागणी वाढली म्हणून खाण तिसऱ्या महिन्यांत उघडत नाहीं. डोंगरांत खनिज सांपडणें, त्याची भोंकें पाडून मोजदाद करणें, परवाने मिळविणें, रस्ता, वीज व पाणी नेणें आणि प्रत्यक्ष माल बाहेर पडणें यांत दहा-पंधरा वर्षें सहज जातात. म्हणून टंचाईच्या काळांत भाव भडकतो, सर्व कंपन्या एकाच वेळीं नव्या खाणी काढावयास धांवतात, आणि त्या सर्व खाणींचा माल बाजारांत येईपर्यंत टंचाई संपलेली असते. शेतकऱ्याच्या कांद्याचेंहि असेंच होतें, पण तें एका हंगामांत उरकतें. येथें एक हंगाम दहा वर्षांचा.

चीनच्या उदाहरणानें ही गोष्ट स्पष्ट होते. २००० सालीं त्या देशांत सुमारें १३ कोटी टन पोलाद तयार होई. २०१४ सालीं ८० कोटी टनांहून अधिक होऊं लागलें. या भुकेनें साऱ्या जगाच्या खाणी धुंदावल्या. २०११ च्या फेब्रुवारींत तांबें टनाला १०,००० डॉलरांच्या वर गेलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत ग्लेनकोर कंपनीनें लंडनच्या बाजारांत आपला शेअर ५३० पेन्सांना विकला. धातूंचे सौदागर स्वतःचा माल लोकांना विकावयास काढतात तेव्हां तेजीचा कितवा प्रहर चालला आहे, हें त्या वेळीं थोड्यांनीं ओळखलें! पुढें चीनची भूक मंदावली, नव्या खाणी मात्र एकामागून एक माल ओतूं लागल्या. २०१५ च्या सप्टेंबरांत एका दिवसांत ग्लेनकोर सुमारें २९ टक्के कोसळून ७० पेन्सांच्या खालीं आला. २०१६ च्या जानेवारींत तांबें ४,५०० डॉलरांच्या खालीं उतरलें.

रिओ टिंटोचा अनुभव व्यवस्थापनाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. २००७ मध्यें, भाव चढते असतांना, तिनें कॅनडाची ॲल्युमिनियमची कंपनी अल्कन सुमारें ३,८०० कोटी डॉलरांना घेतली, आणि तीहि बहुतांशीं कर्जानें. दुसऱ्याच वर्षीं जगभर आर्थिक संकट आलें. २००९ मध्यें कर्ज फेडण्यासाठीं भागीदारांकडे पुनः सुमारें १,५०० कोटी डॉलर मागावे लागले, आणि २०१३ च्या जानेवारींत सुमारें १,४०० कोटी डॉलरांचें मूल्य पुस्तकांतून खोडण्याची पाळी येऊन प्रमुख अधिकारी टॉम अल्बानीज यांस पद सोडावें लागलें. खाणी तशाच होत्या, खनिजहि तसेंच होतें. चुकली ती खरेदीची वेळ.

भारतीय फंडाकडे पुनः वळल्यास त्याचा जन्म २००९ च्या अखेरीचा, म्हणजे या लाटेच्या माथ्यापासून दीड वर्ष अलीकडचा. आरंभीं १० रुपयांना दिलेलें युनिट प्रथम चढलें, आणि २०१६ च्या जानेवारींत मूळ किंमतीच्या निम्म्याहूनहि खालीं होतें. ही घसरण रुपयानें पुष्कळ सौम्य केली, हें विशेष. २०१० च्या आरंभीं ४६ रुपयांच्या घरांत असलेला डॉलर २०१६ च्या आरंभीं ६७ रुपयांच्या पुढें गेला होता, म्हणून डॉलरांतील तोटा रुपयांत मोजतांना थोडा लहान दिसला. परदेशी फंड घेणारा धातूबरोबर रुपयाच्या दरावरहि पैसे लावीत असतो. रुपया घसरत गेला तर त्यास लाभ, चढला तर तोटा. आणि हें माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें.

एवढें ऐकल्यावर कोणीहि म्हणेल कीं मग फंडाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो खाणीच्या दुसऱ्या संकटांत दिसतो. त्यासाठीं गोव्याइतकें जवळचें उदाहरण नाहीं. डिचोली, साखळी, सांगें, केपें या भागांत लोहखनिजावर घरेंच्या घरें उभीं राहिलीं होतीं. कोणाचे ट्रक, कोणाच्या मांडवी-जुवारीवर चालणाऱ्या बार्जी, कोणाचें गॅरेज. बेकायदा उत्खननाच्या चौकशीनंतर २०१२ च्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें व ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें खाणकाम थांबविलें. २०१४ मध्यें मर्यादा घालून तें पुनः सुरू होऊं दिलें, आणि २०१८ च्या फेब्रुवारींत न्यायालयानें ८८ पट्ट्यांचें नूतनीकरण रद्द ठरविलें. खनिज जमिनींत होतें तेवढेंच राहिलें. खणण्याचा हक्क तेवढा गेला. न्यायालयाचा निर्णय योग्य कीं अयोग्य हा येथें प्रश्न नाहीं. ज्याची सारी पुंजी एका पट्ट्याच्या ट्रकांत होती, त्याला दुसरी वाट नव्हती, एवढेंच पाहावयाचें.

परदेशांतहि हेंच. ब्राझीलमध्यें २०१९ च्या जानेवारींत ब्रुमाडिन्यो येथें व्हाले कंपनीचें गाळ सांठविण्याचें धरण फुटून २७० माणसें गाडलीं गेलीं. व्हालेचा शेअर कोसळला, तिच्या कांहीं खाणी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोहखनिजाचा पुरवठा घटल्यामुळें त्याचा भाव चढून ऑस्ट्रेलियांतील कंपन्यांचा नफा वाढला. माणुसकीला लाज आणणारा हा हिशेब आहे, पण बाजार तो मांडतोच. पनामा देशांत २०२३ च्या नोव्हेंबरांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें कोब्रे पनामा या खाणीचा करार घटनाबाह्य ठरविला, खाण बंद झाली, आणि फर्स्ट क्वाँटम या तिच्या मालक-कंपनीचा शेअर थोड्या आठवड्यांत निम्म्याहून खालीं आला. २०२२ च्या मार्चांत युद्धामुळें रशियन कंपन्यांचे लंडनमधील व्यवहार थांबले आणि ज्यांच्यापाशीं ते शेअर होते त्यांस त्यांचें मूल्य जवळजवळ शून्य धरावें लागलें.

अशा आपत्ति एका खाणीवर, एका कंपनीवर, फार तर एका देशावर येतात. पन्नास-साठ कंपन्यांच्या फंडांत त्यांचा धक्का वांटला जातो, आणि व्हालेच्या उदाहरणाप्रमाणें एकीकडील तोटा दुसरीकडे थोडाबहुत भरूनहि येतो. डिचोलीच्या ट्रकवाल्याला जें साधलें नाहीं तें तळेगांवच्या युनिटवाल्याला साधतें, तें हें. धातूची सार्वत्रिक मंदी आली म्हणजे मात्र पन्नास कंपन्या एकदम खालीं येतात. फंड विषम आपत्तीवर उपाय आहे, सामायिक आपत्तीवर नाहीं.

येथें तळेगांवकराचा एक निराळा प्रश्न उभा राहतो. या पट्ट्यांतील घराचें उत्पन्न आधींच धातूशीं बांधलेलें आहे. मोटारीचे सुटे भाग करणारा लहान कारखानदार पोलाद, ॲल्युमिनियम, तांब्याची तार विकत घेतो. त्यांचे भाव चढले कीं मोठ्या मोटार-कंपनीकडून वाढ भरून मिळते, पण बहुधा मागाहून. तोंवर खेळतें भांडवल आटतें आणि ओव्हरटाइम बंद होतो. यावरून एक युक्तिवाद केला जातो, आणि तो चतुर आहे: धातु महाग झाल्यानें ज्या घराला झळ लागते, त्या घरानें खाणींचा थोडा वांटा घ्यावा, म्हणजे एका खिशांतून गेलेलें दुसऱ्या खिशांत येईल.

हा युक्तिवाद तळेगांवच्याच इतिहासावर पारखून घेतां येतो. २००८ च्या सप्टेंबरांत जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना येथें सुरू झाला. त्याच महिन्यांत अमेरिकेंत लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली. जुलैंत ८,९०० डॉलरांच्या आसपास असलेलें तांबें डिसेंबरांत ३,००० च्या खालीं आलें, आणि मोटारींचा खपहि त्याच वेळीं जगभर आटला. पुढच्या वर्षीं जूनमध्यें खुद्द जनरल मोटर्सला अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्या हिंवाळ्यांत दोन्ही खिसे एकदम रिकामे झाले, युक्तिवाद फसला. आतां दुसरा प्रसंग. २०२० च्या डिसेंबरांत त्याच कारखान्यांतील उत्पादन थांबलें. २०२० च्या मार्चांत कोसळलेलें तांबें मात्र चढतच होतें, आणि २०२१ च्या मेमध्यें तें पुनः १०,००० डॉलरांच्या वर गेलें. त्या वर्षीं ज्या घरांतील पगार थांबला आणि ज्याच्यापाशीं खाणींचीं युनिटें होतीं, त्या घराला तीं उपयोगीं पडलीं असतीं. (कारखाना पुढें ह्युंदाईनें घेतला, त्याचा करार २०२३ च्या ऑगस्टांत झाला.) एकाच गांवांत, एकाच कारखान्याच्या बाबतींत, एकदां युक्तिवाद खोटा ठरला आणि एकदां खरा. मंदी सर्व जगाची असेल तर खाणींचा फंड आधार देत नाहीं. संकट त्या एका कारखान्याचें असेल तर देतो. कोणतें येणार हें आधीं कळत नाहीं, म्हणून सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बँकेंतच असावी आणि या फंडाकडे त्या रकमेच्या जागीं पाहूं नये.

दुसरा एक मोह याच पट्ट्यांत विशेष आढळतो. येथील मनुष्य विजेवर चालणारी मोटार डोळ्यांपुढें तयार होतांना पाहतो. तिला पेट्रोलच्या मोटारीच्या तिप्पट-चौपट तांबें लागतें, हें त्याला ठाऊक असतें. तेव्हां तांब्याच्या कंपन्यांना पुढें सुगीच सुगी, असें अनुमान तो सहज काढतो. अनुमानांतील पहिली पायरी बरोबर आहे. दुसरी निसरडी आहे. लिथियमची गोष्ट ताजी आहे. विजेच्या मोटारींचा खप २०२३ मध्यें जगभर वाढतच होता, तरीहि २०२२ च्या नोव्हेंबरांत चीनमध्यें शिखरावर पोंचलेला लिथियमचा भाव २०२४ च्या आरंभापर्यंत ८० टक्क्यांहून अधिक उतरला. मागणी वाढली, पण पुरवठा तिच्याहून वेगानें वाढला. मागणीची बातमी सर्वांनाच कळते, आणि ती शेअरच्या भावांत आधींच मिळविलेली असते. कंपनी भावी नफ्याचें काय करील, हें कोणीच सांगत नाहीं. २०२२ मध्यें खाणी व धातूंच्या धंद्यांत वाढलेल्या वेदान्त समूहानें फॉक्सकॉनबरोबर १,५४,००० कोटी रुपयांचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प योजला, त्यासाठीं तळेगांवचें नांव चर्चेंत आलें, मग तो गुजरातेंत जाण्याचें ठरलें आणि महाराष्ट्रांत केवढें वादळ झालें! २०२३ च्या जुलैंत फॉक्सकॉन त्यांतून बाहेर पडली. प्रकल्प कोणत्या राज्यांत, यावर सर्वांनीं भांडण केलें; खाणींच्या धंद्यांतील समूह चिपांच्या धंद्यांत कां शिरतो, हा प्रश्न गुंतवणूकदाराचा होता आणि तो फारसा कोणीं विचारला नाहीं. चांगल्या फंड-व्यवस्थापकाचें काम तें हेंच: चांगल्या दिवसांतील नफा कंपनी भागीदारांना वांटते, कर्ज फेडते, कीं नव्या हौशींवर उडविते, यावर डोळा ठेवणें.

त्या कामाची फी द्यावी लागते, आणि फंडाच्या पोटांत फंड असल्यामुळें खर्च दोन ठिकाणीं लागतो, एकदां बाहेर आणि एकदां इकडे. माहितीपत्रकांत दोन्ही मिळून आंकडा दिला आहे कीं एकच, हें पाहावें. कराच्या बाबतींत मधल्या काळांत दोनदां फेरफार झाला. २०२३ च्या एप्रिलनंतर घेतलेल्या अशा युनिटांचा नफा साध्या उत्पन्नांत मिळविला जाऊं लागला. २०२४ च्या कायद्यानें नियम पुनः बदलून, १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांच्या नफ्यास १२.५ टक्क्यांचा दर लागू झाला.

परदेशी गुंतवणुकीस आणखी एक दरवाजा आहे, आणि तो सरकारी आहे. देशांतील सर्व म्युच्युअल फंडांनीं मिळून परदेशांत ७०० कोटी डॉलरांपर्यंतच रक्कम न्यावी, अशी मर्यादा होती. २०२२ च्या आरंभीं ती भरत आली, तेव्हां सेबीनें फेब्रुवारीपासून नवा पैसा बाहेर नेण्यास मनाई केली, आणि जूनमध्यें फेब्रुवारीच्या पातळीपर्यंतच मोकळीक दिली. दरमहा हप्त्यानें युनिटें घेण्याचा नेम ज्यांनीं धरला होता, त्यांतील कित्येकांचे हप्ते त्यांच्या इच्छेवांचून थांबले. दरमहा हप्ता ही रीत खाणींच्या धंद्यास विशेष मानवते, कारण भाव पडलेल्या वर्षांत तेवढ्याच रुपयांत अधिक युनिटें हातीं येतात. २०११ मध्यें सारी रक्कम एकदम घालणारा आणि २०१३ ते २०१६ हीं वाईट वर्षें धरून थोडी थोडी घालणारा, यांची स्थिति पुढील तेजींत फार भिन्न झाली. परंतु पडत्या वर्षांत हप्ता चालूं ठेवण्यास जो धीर लागतो, तो शिल्लकीचा मोठा भाग या एका धंद्यांत असल्यास राहत नाहीं. म्हणून विसाव्या भागापलीकडे जाण्याचें मध्यमवर्गीय घराला कारण दिसत नाहीं. आणि ज्याच्या पत्रिकेंत नोकरी, घर आणि शेअर तिन्ही मोटारधंद्यावरच आहेत, त्यानें तर तेवढें घेण्यापूर्वींहि २००८ चा हिंवाळा आठवावा.

युनिटें विकावयाचीं तेव्हांचा एक व्यवहार सांगावयास हवा. देशी फंडाचे पैसे ज्या तत्परतेनें बँकेंत येतात त्या तत्परतेनें हे येत नाहींत, कारण इकडील युनिटाचा भाव तिकडील फंडाच्या भावावरून ठरतो आणि पैसाहि तिकडून यावयाचा असतो. दिवाळींत मुंबईचा बाजार बंद असतो तेव्हां लक्झेंबर्गचा चालू असतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं तिकडे सुटी, इकडे काम. मुलाच्या कॉलेजची फी या रकमेंतून भरावयाची असेल, तर दोन्हीकडच्या सुट्या पाहून विक्रीचा अर्ज कांहीं दिवस आधींच देऊन ठेवावा.